लॉन, काळी माती आणि रिकामे दोन ब्लॉक

चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याहून चारेक किलोमीटर आत मामांचं गाव आहे. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र, दहावीपर्यंतची शाळा आणि एका बँकेची शाखा, त्यामुळं किरायाने घर शोधणारे लोक दरवर्षी येतात. मास्तर, सिस्टर, बँकेचा कॅशियर, महावितरणचा लाइनमन. मामा स्वतः मास्तरकीतून निवृत्त झाले आणि निवृत्तीच्या पैशातून राहत्या घराशेजारच्या पन्नास बाय साठच्या प्लॉटवर त्यांनी दोन ब्लॉक काढले. एक हॉल, एक खोली, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम, पुढं छपरी. किराया प्रत्येकी ४,००० रुपये. २०२१ च्या दिवाळीत वास्तू झाली. त्यानंतरच्या दीड वर्षात एक ब्लॉक जेमतेम पाच महिने भरला आणि दुसऱ्याचं कुलूप एकदाही निघालं नाही.

माझा धंदा लहान बांधकामांचा. हे दोन्ही ब्लॉकही मीच बांधले, म्हणून या गोष्टीत मी नुसता बघ्या नाही. चुकांपैकी एक चांगली ठसठशीत चूक माझी आहे, ती पुढं येईलच.

डिसेंबर २०२१ मध्ये मामांनी तालुक्याच्या एका नर्सरीवाल्याला बगिच्याचं गुत्तं दिलं. ४१,००० रुपये. दारासमोर आणि पश्चिमेच्या अंगाला मिळून ६०० चौरस फूट लॉन, लॉनच्या कडेला तिरप्या रोवलेल्या विटांची लाल-पांढरी किनार, फाटकापासून दारापर्यंत दोन्ही बाजूंनी फायकसची दाट रांग, कोपऱ्यात पिवळी कण्हेर, छपरीत अरेका पामच्या आठ कुंड्या. थंडीत शेवंती आणि पिटुनिया फुलले तेव्हा तो बगिचा खरंच देखणा दिसत होता, खोटं कशाला बोलू. मामा नोकरीच्या काळात कामानिमित्त नागपूरला सिव्हिल लाइन्समधले बंगले पाहून आलेले. तीस वर्षं मनात धरून ठेवलेलं गवत एकदाचं आपल्या दारात आलं, या आनंदात ते सकाळी अनवाणी त्याच्यावर चालायचे.

मामींनी पहिल्याच दिवशी नाक मुरडलं होतं. "अवो, अंगणात गवत कोण लावते बाप्पा? आम्ही त जन्मभर गवत उपटाले बाया लावल्या." तेव्हा आम्ही सगळे हसलो.

जानेवारीत बँकेतला एक अविवाहित पोरगा राहायला आला आणि मेच्या शेवटी निघून गेला. बदलीबिदली काही नव्हती. गावातच दुसरीकडं, जुन्या कवेलूच्या, म्हणजे कौलारू, घरात गेला. किराया तिथं फक्त पाचशेनं कमी. मामांना ते फार लागलं. आरसीसीचं नवं घर सोडून माणूस कवेलूत जातो म्हणजे काय? मी त्या पोराला नंतर भेटलो तेव्हा त्यानं एका वाक्यात सांगितलं: पश्चिमेची भिंत रात्री अकरापर्यंत हाताला चटका देते, आणि कूलर लावायच्या खिडकीखाली लॉन आहे म्हणून मामा तिथं स्टँड उभा करू देत नाहीत.

लॉनचं म्हणाल तर ती एप्रिलमध्येच पिवळी पडायला लागली होती. आमच्या भागात मे महिन्यात गवत हिरवं ठेवायचं तर चौरस मीटरला रोज सहा ते आठ लिटर पाणी पाजावं लागतं. ६०० चौरस फूट म्हणजे ५५-५६ चौरस मीटर, म्हणजे रोजचे चारेकशे लिटर. मामांच्या बोअरला त्या दिवसांत अर्धा तास मोटर चालली की दम लागायचा. तरी मामांनी हट्टानं पाणी दिलं. सगळ्या लॉनला पुरेना म्हणून घराला लागून असलेला पश्चिमेचा पट्टा तेवढा जगवला आणि बाकीचा मरू दिला.

इथं माझी चूक येते.

वरोरा, हिंगणघाट, वणी या पट्ट्यातली काळी माती कशी असते ते इथल्या कोणाला सांगायला नको. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात तीच माती फुगून वर येते. घराचा मुख्य पाया मी मुरूम लागेपर्यंत, पाच फूट खोल नेला होता, त्याला काही झालं नाही. छपरीचा पाया मात्र अडीच फुटांवर थांबवला, हलकं काम आहे म्हणून. आणि जोत्याच्या भोवती तीन फूट रुंद सिमेंटचा कोबा करायचा तो "बजेट संपलं, पुढच्या वर्षी करू" म्हणून सोडून दिला. त्या उघड्या जागेत, भिंतीला चिकटून, नर्सरीवाल्यानं लॉन पसरली. म्हणजे ऐन मेमध्ये छपरीच्या पश्चिम टोकाखालची माती रोज भिजत होती आणि फुगत होती. पूर्वेच्या टोकाखालची वाळून आक्रसत होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात छपरीची भिंत हॉलला जिथं मिळते तिथं, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघाली. लांबी दोन-सव्वादोन फूट, रुंदीत पोस्टकार्ड उभं शिरेल एवढी. घराला धोका नव्हता. पण घर पाहायला येणाऱ्याला ते कोण सांगणार? नवं घर आणि त्याला भेग, एवढंच त्याला दिसतं.

२०२२ च्या जून-जुलैत सात जण घर पाहून गेले आणि सातही जणांनी "कळवतो" म्हणून सांगितलं. त्यातल्या एका प्रसंगी मी तिथं होतो. आरोग्य केंद्रात नव्यानं आलेल्या सिस्टर आणि त्यांचे मिस्टर, सोबत चार वर्षांची मुलगी. आदल्या रात्री पाऊस झालेला. फाटकातून आत आल्यावर तिसऱ्या पावलाला सिस्टरची चप्पल चिखलात रुतली आणि पाय तेवढा वर आला. त्यांनी वाकून चप्पल ओढली. तळाला दोन बोटं जाड काळी माती, आणि मेलेल्या लॉनचा झुपका तिच्यात अडकलेला. एक पाय हवेत धरून त्या फायकसच्या फांदीला टेकल्या, चप्पल विटांच्या त्या रंगीत किनारीवर घासू लागल्या. किनारीची वीटच उपटून आली. मुलगी हसली, मिस्टर हसले नाहीत. घर त्यांनी आतून पाहिलं, "छान आहे, हवेशीर आहे" म्हणाले आणि गेले.

पुढचे सहा महिने मामा गावात सांगत फिरले की हल्लीच्या लोकांना कमी किरायाचं घर पाहिजे, बाकी काही कळत नाही. किराया साडेतीन हजार करून पाहिला. तरी कोणी आलं नाही. मग जानेवारी २०२३ मध्ये मी एक साधं काम केलं, जे आधीच करायला हवं होतं. गाव लहान, कोण कुठं राहतं ते मामींना तोंडपाठ. घर नाकारून गेलेल्या सातपैकी पाच जणांकडं जाऊन चहा प्यायलो आणि विचारलं, काहून नाही घेतलं?

मजा अशी की पाचपैकी चौघांनी आधी बगिच्याची तारीफ केली. मग हळूहळू बाकीचं निघालं. लाइनमन म्हणाला, फाटकातून गाडी आत घेतली तर ठेवायची कोठी? लॉनवर मामा लावू देणार नाहीत. एका मास्तरांच्या घरून वहिनी म्हणाल्या की दोरी बांधायला जागाच नव्हती. मामांनी मागची सांदवाडी दाखवली, तिथं दिवसभर ऊन येत नाही. शिवाय मामांनी सगळ्यांना आधीच बजावून ठेवलं होतं की लॉनला आणि कुंड्यांना पाणी किरायदारानं द्यायचं. म्हणजे चार हजार देऊन वर गड्याचं काम. आणखी एकानं भेग पाहिली होती.

सिस्टरचं उत्तर मी वहीत लिहून ठेवलं. "बगिचा मस्त होता भाऊ. पण माझी नाइट ड्युटी असते, डिलिव्हरीची केस आली की रात्री दोनला येणंजाणं. त्या दोन्हीकडच्या झाडीतून मोबाइलच्या उजेडात कशी चालू? आमच्याकडं दर पावसाळ्यात साप चावलेले पेशंट येतात, मी रोज पाहते."

हे ऐकल्यावर मला मामींचं वाक्य आठवलं. झाडून काढलेलं, सडा-सारवण केलेलं उघडं अंगण ही आपल्या लोकांची सवय काही नुसत्या शोभेची नव्हती. त्याच्यावर साप, विंचू, काहीही दिसतं. आम्ही त्या अंगणात हौसेनं झाडी लावली आणि ती दिसायला छान आहे म्हणून लोकांनी आनंदानं राहावं अशी अपेक्षा केली.

दुसरी गोष्ट मला त्या चहांच्या फेऱ्यांत लक्षात आली, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली तीच आहे. हे लोक घर शोधायला कधी येतात? सरकारी नोकरांच्या सर्वसाधारण बदल्या २००५ च्या बदल्यांच्या कायद्याप्रमाणं एप्रिल-मेमध्ये होतात. विदर्भातल्या शाळा उन्हामुळं उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. म्हणजे गावात नवीन माणूस घर पाहत फिरतो तो साधारण पंधरा मे ते पंधरा जुलै. या साठ दिवसांच्या पहिल्या महिन्यात पारा ४५ च्या पुढं असतो आणि दुसऱ्या महिन्यात काळ्या मातीचा गारा झालेला असतो. आमचा बगिचा नटला होता तो डिसेंबरात. नर्सरीवाल्याचे फोटोही डिसेंबरातले. त्या फोटोत जे जे सुंदर होतं त्यातलं पंधरा मेला फारसं काही उरलं नव्हतं, आणि पंधरा जुलैला जे होतं ते वाटेत आडवं येत होतं.

तेव्हा दुसऱ्यांदा काम करताना मी मामांना एकच कसोटी घालून दिली: प्रत्येक गोष्ट मेच्या दुपारी तीन वाजता आणि जुलैच्या रात्री दोन वाजता कशी असेल ते सांगा. मामा चिडले, मास्तर माणूस, कसोटी घ्यायची सवय, द्यायची नाही. पण वर्षभराचे किरायाचे पैसे बुडाले होते, म्हणून ऐकलं.

सुरुवात वाटेपासून केली. फाटकापासून दारापर्यंत ३८ फूट. फायकस उपटला. चार फूट रुंदीत फूटभर काळी माती खणून काढली आणि मागं नेऊन टाकली, ती पुढं कामाला आली. खड्ड्यात नऊ इंच मुरूम, तीन-तीन इंचांच्या थरात, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मसनं कुटलेला. इथं लोक घाई करतात. ट्रॉली उलटी करतात, फावड्यानं पसरतात आणि म्हणतात गाड्या चालून दबेल. दबतो, पण चाकोरीत दबतो, आणि पहिल्या पावसात त्या चाकोरीत पाणी साचतं. कुटलेल्या मुरमावर गिट्टीची चुरी आणि तिच्यात शहाबादी फरशीचे तुकडे बसवले. गुळगुळीत बाजू मुद्दाम खाली, खरबरीत वर, म्हणजे ओल्यात पाय सरकत नाही. दारापासून फाटकाकडं उतार पन्नासात एक, म्हणजे ३८ फुटांत नऊ इंच. फाटकाच्या अलीकडं आडवी नाली काढून ती रस्त्याच्या नालीला जोडली. फाटकाच्या बाजूलाच दहा बाय दहाचा मुरमाचा चौकोन, दोन गाड्या उभ्या राहतील एवढा. सगळं मिळून तीन ट्रॉल्या मुरूम लागला आणि चुरी एक ट्रॉली.

मग माझं राहिलेलं काम. समोरून आणि पश्चिमेकडून जोत्याला लागून तीन फूट रुंदीचा कोबा, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. त्याचे १४,००० गेले. हे खरं तर बांधकामाच्या खात्यातले पैसे, बगिच्याच्या खात्यात घालणं मामांना पटत नव्हतं. पण तो कोबा नुसता भिंत वाचवत नाही. भिंतीपासून तीन फूट कोरडी, झाडीविना, लख्ख दिसणारी पट्टी मिळते. रात्री बॅटरी मारली की घराला लागून काय आहे ते कळतं. मण्यार रात्रीची भिंतीच्या कडेकडेनं फिरते, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. अमुक झाड लावलं की साप येत नाही असं सांगणारे दोघंतिघं भेटले. असं कुठलंही झाड नाही. साप कमी करायचा तर विटांचा ढीग, तुराट्यांच्या पेंढ्या, फुटकी कवेलू उचलावी लागतात. ते मामींनी एका दिवसात उचलून घेतलं. दोन दिवे लावले, एक फाटकाच्या खांबावर, एक दाराशी, आणि दोन्हींचं बटण फाटकाजवळ पत्र्याच्या डब्यात. हा सिस्टरच्या उत्तराचा हिशेब.

आता ऊन. वरोरा साधारण वीस अंश अक्षांशावर आहे, त्यामुळं २१ मेच्या आसपास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते. याचा अर्थ असा की मेमध्ये दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळपास पडतच नाही. तापतं छत, आणि दुपारनंतर पश्चिमेची भिंत, थोडी वायव्येकडून. मामा दक्षिणेला झाडं लावायच्या विचारात होते, वास्तूच्या कुठल्याशा हिशेबानं. सावलीच्या हिशेबानं ती जागा हिवाळ्यात ऊन अडवायच्या कामाची, म्हणजे उलटी.

पश्चिमेला कोब्याच्या बाहेर बांबू आणि लोखंडी पाइप यांचा दहा फूट उंच मांडव केला, त्याच्यावर ७५ टक्के सावलीची हिरवी जाळी. ती वेल चढेपर्यंतची. मांडवाच्या बुडाशी मधुमालतीचे चार वेल लावले, कारण मधुमालती उन्हाला भीत नाही आणि मे-जूनमध्ये, बाकी सगळं करपलेलं असताना, फुलांनी लगडते. पावसाळा लागल्यावर भिंतीपासून पंधरा फुटांवर करंजाची दोन रोपं लावली. मोठं झाड भारी जमिनीत भिंतीच्या जवळ नको. मुळं उन्हाळ्यात मातीतला ओलावा ओढून घेतात आणि तिथं जमीन बसते. करंज की कडुनिंब यावर मामांचा आणि माझा दोन दिवस वाद झाला. दोघंही उन्हाळ्याच्या तोंडाला पानं गाळतात आणि मेपर्यंत नवी पालवी धरतात, सावली दोघांचीही घट्ट. शेवटी करंज ठरला तो एवढ्याचसाठी की मामांच्या राहत्या घरासमोर निंब आधीच आहे आणि त्याच्या निंबोळ्या झाडून मामी वैतागल्या आहेत.

पश्चिमेच्या खिडकीखाली कूलरचं लोखंडी स्टँड, शेजारी नळाची तोटी आणि कूलर रिकामा करायला पाइप. मोठा कूलर मेमध्ये दिवसाला शंभरेक लिटर पाणी सहज पितो, बादल्या वाहून कोणी भरत नाही. टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा सोडून टाकी कोरडी करायची, नाहीतर डेंग्यूचे डास तिथंच होतात. आरोग्य खात्याचे लोक कोरडा दिवस पाळा म्हणून सांगत फिरतात ते याचसाठी. सोडलेलं पाणी करंजाकडं जातं. मोगऱ्याला ते देत नाही, आटून आटून त्यात क्षार उतरलेले असतात आणि पानांच्या कडा जळतात.

झाडांची बाकी यादी मी मुद्दाम छोटी ठेवली. कण्हेर काढली, तिचा प्रत्येक भाग विषारी आणि किरायदाराकडं लहान पोर असणारच. मामींना शेवगा पाहिजे होता, तो मागच्या कोपऱ्यात गेला, कारण पावसाळ्यात त्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचे पुंजके बसतात आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर पडले की अंगभर खाज. फाटकाशी एक बहावा, मेमध्ये पिवळा होईल म्हणून. तो अजून फुललेला नाही. छपरीच्या पायऱ्यांशी मोगऱ्याची सहा गोल आळी, कढीपत्ता, तुळस. मोगऱ्यावर मी अडून बसलो होतो. त्याचा बहर मार्चपासून जूनपर्यंत, आणि संध्याकाळी सहा-सातला, म्हणजे लोक घर पाहायला येतात त्या वेळेला, तो उमलतो. वाटेवरून काढलेली काळी माती मागं होती तिथं चार बाय बाराचे दोन वाफे केले, प्रत्येक ब्लॉकला एक, किरायदाराला वांगं-मिरची-पालक लावायला. कपड्यांच्या तारा पूर्वेला, उन्हात.

पुरा खर्च ४९,३०० रुपये. झाडांवर त्यातले फक्त २,३०० गेले. पहिल्या बगिच्याचे ४१,००० धरले तर मामांनी अंगणात नव्वद हजार घातले, आणि हा आकडा ते मला दर सणाला ऐकवतात.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात मामी स्वतः सिस्टरकडं गेल्या. सिस्टर एका दोन खोल्यांच्या घरात दिवस काढत होत्या. "या त खरं एकदा पाहाले, घेऊ नका," असं म्हणून आणलं. सिस्टरनी घर पाहिलंच नाही म्हटलं तरी चालेल, ते त्यांना माहीत होतं. त्या फाटकाशी थांबल्या, बटणाचा डबा उघडला, भरदुपारी दोन्ही दिवे लावून पाहिले आणि बंद केले. मग पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावून उभ्या राहिल्या. जूनच्या एक तारखेला सामान आलं, किराया ४,५००. दुसरा ब्लॉक जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका शिक्षक दांपत्यानं घेतला, तोही ४,५०० नंच. त्या दिवशी रिपरिप पाऊस होता आणि मी मामांच्या ओट्यावरून पाहत होतो की बाईंची चप्पल वाटेवर कशी राहते. राहिली. खर्च दोन्ही ब्लॉकच्या साडेपाच महिन्यांच्या किरायात निघाला, पहिला बगिचा सोडून.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. जूनमधल्या पहिल्याच वादळात हिरवी जाळी फाटून शेजारच्या टिनांवर जाऊन पडली. मी ती खिळे मारून ताणून बसवली होती. आता कड्या लावल्या आहेत, आणि मृगाच्या आधी जाळी उतरवून घडी करून ठेवतो. एक करंज शेजारच्या बकरीनं खाल्ला, पुन्हा लावला, या वेळी काट्या रोवून. मधुमालतीची पानं आणि फुलं कूलरच्या गवताच्या जाळीत अडकतात आणि पाणी पडायचं थांबतं. यावर उपाय म्हणजे आठवड्याला झाडणं, दुसरा नाही.

शिक्षकांच्या घरच्यांनी पहिल्याच वर्षी वाफा सोडून भिंतीजवळ, कोब्याच्या कडेला लागून, भेंडीची ओळ टाकली, स्वयंपाकघरातून हाताशी पडते म्हणून. मी ती उपटायला सांगितली तेव्हा बरंच वाजलं. "भेंडीनं घर पडते का भाऊ?" असं त्यांनी विचारलं आणि प्रश्न रास्त होता. मी त्यांना छपरीजवळ नेऊन भेग दाखवली, रोजच्या बादलीभर पाण्यानं काय होतं ते सांगितलं. भेंडी तोडणीपर्यंत राहू दिली. पुढच्या वेळी अकरा महिन्यांच्या करारात दोन ओळी वाढवल्या: जोत्यापासून चार फुटांत काही लावायचं नाही, आणि सामाईक झाडांना पाणी घरमालक देईल, वाफ्याला किरायदार. आधी हे तोंडी होतं, आणि तोंडी होतं तिथंच भांडणं होती.

मामांची लॉन पूर्ण गेली नाही. त्यांच्या स्वतःच्या घरासमोर, निंबाच्या सावलीत, सहा बाय आठचा एक तुकडा त्यांनी राखला आहे. संध्याकाळी बादली-तांब्यानं पाणी घालतात. मामी अजूनही त्याच्यावरून बोलतात, पण खुर्ची तिथंच टाकतात.

सिस्टरची बदली यंदा मेमध्ये झाली. ब्लॉक रिकामा व्हायच्या आधीच जूनच्या एका संध्याकाळी दोन कुटुंबं पाहायला आली, दोन्ही एकाच वेळी, त्यामुळं मामांची पंचाईत. त्यातल्या एका गृहस्थांनी छपरीतल्या त्या तिरप्या भेगेवर बोट ठेवलं. मी ती कधीच बुजवलेली नाही. तिच्या वरच्या टोकाला पेन्सिलीच्या आडव्या रेघा आहेत आणि प्रत्येक रेघेपुढं तारीख. ते विचारू लागले, हे काय लिहिलंय? २०२२ ची पहिली रेघ, २०२३ ची तिच्यावर दोन बोटं. त्यानंतर कोबा झाला. २०२४ ची आणि यंदाची रेघ २०२३ च्याच रेघेवर पडली आहे, तिथं शिसं नुसतं जाड झालंय.